दर सांगायच्या आधी पाण्याची चौकशी करणारा मिस्त्री

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल लागला की सोलापुरात घराघरात एकच विषय, पावसाच्या आत काम उरकायचं. कुणाची गच्ची गळते, कुणाला बाथरूम नवीन करायचंय, कुणाला वर एक खोली चढवायचीय. आमच्या जुळे सोलापुरातल्या एकाच गल्लीत आत्ता तीन घरांपुढं वाळू आणि खडी पडलीय आणि रोज कुणीतरी दारात थांबून विचारतं, "कोण चांगला भरवशाचा मिस्त्री असला तर सांगा की ओ." दोन वर्षांपूर्वी मीपण असंच विचारत फिरत होते आणि त्यात पावणेदोन लाख रुपये घालवून बसले, म्हणून हे पत्र. जमलं तर पाऊस यायच्या आधी छापा, नंतर छापून उपयोग नाही.

आमचं घर 1998 चं, स्लॅबचं. गच्ची सहाशे फुटाची. मधल्या खोलीच्या छताला ओल यायची, पोपडे धरायचे, बाथरूमची भिंत बाहेरून कायम ओली. नात्यातल्या एकांनी एक ठेकेदार सांगितला, माणूस बोलायला एकदम गोड. घरात आला, चहा घेतला, वर गच्चीवर दोन मिनिटं फिरला आणि खाली येऊन म्हणाला दोन लाख दहा हजार, सगळं मटेरियलसह, गच्ची, बाथरूम, खोलीचा गिलावा, बघायलाच नको. आम्हाला वाटलं केवढा अनुभवी माणूस, बघता बघता आकडा सांगितला. ना टेप लावला, ना कागद काढला. गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची जानेवारीतली यात्रा, झाला की सुरू करतो म्हणाला आणि ऐंशी हजार उचल घेऊन गेला.

गड्डा झाला, फेब्रुवारीत माणसं आली, चार दिवसात बाथरूम फोडलं, गच्चीवरचा जुना कोबा, म्हणजे उतारासाठी घातलेला सिमेंट-खडीचा थर, उखडून टाकला आणि गायब. फोन केला की, "करलालोच की ओ ताई, माणसं ज्वारी काढायला गावाकडं गेलीत, आली की लगेच." ज्वारीच्या काढणीला माणसं जातात हे खरंच आहे, आपल्या जिल्ह्यात ते कुणाला सांगायला नको, पण ते फेब्रुवारीत होणार हे त्याला आधी माहीत नव्हतं का? माहीत असून त्यानं फोडाफोड आधी का केली तर एकदा घर फोडलं की माणूस अडकतो, दुसऱ्याला बोलवू शकत नाही, आणि मागेल तेव्हा पैसे देत राहतो. हे मला फार उशिरा कळलं. अडीच महिने आम्ही पाच माणसं शेजाऱ्यांच्या बाथरूममध्ये आंघोळीला जात होतो, त्यात माझ्या सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या.

मग मे महिन्यात आला. सोलापूरचा मे म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे, दुपारी बाराला गच्चीवर अनवाणी पाय टेकत नाही, आणि त्या उन्हात त्यानं कोबा केला, वर सिमेंटची घोटाई केली, एका डब्यातलं काळपट केमिकल फासलं आणि संध्याकाळी दोन बादल्या पाणी मारून गेला. दुसऱ्या दिवशीपासून पाणी कोण मारणार तर आम्ही, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसाआड. जूनच्या पहिल्याच पावसात त्याच जागी ओल आली, उलट आधी एक डाग होता आता दोन. फोन उचलायचा बंद झाला. तोवर 1 लाख 75 हजार त्याच्या हातात गेले होते आणि माझ्याकडे एकही पावती नव्हती.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहिते, एकवीस वर्षं झाली. आमच्याकडं एक गठ्ठा जरी गेटच्या बाहेर जायचा असला तरी त्यावर वजन, नग, साईज, पार्टीचं नाव लिहिल्याशिवाय जात नाही. आणि आयुष्यभराची पुंजी घातलेलं घर मात्र मी तोंडी शब्दावर दिलं याचं मला अजून वाईट वाटतं.

दिवाळीनंतर दुसरा मिस्त्री शोधायला लागलो तेव्हा मी एक गोष्ट ठरवली होती, कुणाच्या तोंडची शिफारस घ्यायची नाही, काम बघायचं, आणि तेही नवीन झालेलं नाही, निदान दोन पावसाळे खाल्लेलं. नवीन काम सगळ्यांचंच चकचकीत दिसतं. कारखान्यातल्या एका बाईनं सांगितलं की दत्त नगरला तिच्या भावाच्या गच्चीचं काम तीन वर्षांपूर्वी झालंय, मी रविवारी जाऊन बघून आले. वर जाऊन एक बादली पाणी मागितलं आणि पाईपपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात ओतलं. पाणी एका रेषेत सरळ पावसाच्या पाईपाकडं गेलं, कुठं थांबलं नाही, कुठं डबकं नाही, दहा मिनिटात जागा वाळली. घरी येऊन आमच्या गच्चीवर तेच केलं. पाणी पाईपाकडं जायचं सोडून जिन्याच्या भिंतीशी जाऊन बसलं, बरोब्बर मधल्या खोलीच्या डागाच्या वर. केमिकल कुठलं, सिमेंट कुठलं हे सगळं नंतर, आधी उतारच उलटा होता. शंभराला एक असा उतार लागतो, म्हणजे पाईप वीस फुटावर असेल तर अडीच इंचाचा फरक पायजे. हे बघायला इंजिनिअर व्हायला लागत नाही, एक बादली पाणी लागतं.

तो मिस्त्री पूर्व भागातला, साठीच्या आसपासचा, तेलुगू घरातला, मराठी बोलताना मधेच तेलुगू शब्द येणारा. आल्यावर त्यानं दर सांगितलाच नाही. पहिला प्रश्न काय विचारला तर, "पाण्याची सोय काय आहे अम्मा? नळ किती दिवसाला येतो? टाकी किती लिटरची?" मला आधी कळेना हा गच्चीचं काम करायला आलाय का प्लंबर आहे. मग त्यानं समजावलं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी त्याची क्रिया होऊन घट्ट होतं, आणि मधेच पाणी तुटलं की ती क्रिया तिथंच थांबते, वरून दगडासारखं दिसलं तरी आत भुगा राहतो आणि केसाएवढ्या भेगा पडतात. साध्या हवेत निदान सात दिवस आणि उन्हाळ्यात दहा दिवस काम ओलं राहिलं पाहिजे. आणि शिंपडून नाही, गच्चीला कडेनं आळी, म्हणजे छोटे बांध, घालून पाणी उभं करायचं. सहाशे फुटाच्या गच्चीवर एक इंच पाणी उभं करायचं म्हणजे साधारण 1400 लिटर, आमची टाकी हजार लिटरची. मग तो म्हणाला टँकरचे पैसे आधी बाजूला ठेवा, ते नसतील तर काम सुरू करू नका, माझी मजुरीपण वाया आणि तुमचं मटेरियलपण.

साहेब, मला वाटतं सोलापुरात चांगला मिस्त्री ओळखायची याच्यापेक्षा चांगली खूण नाही. ज्या गावात नळाला पाणी रोज येत नाही त्या गावात जो माणूस पाण्याचं विचारल्याशिवाय सिमेंटच्या कामाचा दर सांगतो त्याला एकतर काम कळत नाही किंवा पुढं काय होईल याची त्याला फिकीर नाही.

मग तो घरभर फिरला. थापीचा लाकडी दांडा घेऊन भिंतीवर टकटक करत गेला, काही ठिकाणी भरीव आवाज, काही ठिकाणी डब्यासारखा पोकळ. पोकळ जागेला पेन्सिलनं गोल केला. सहा महिन्यांपूर्वी केलेल्या गिलाव्यावर असे अकरा गोल झाले, मी मोजले. मग टेप लावला. खोली बारा बाय दहा, उंची दहा, म्हणजे चार भिंती 440 फूट आणि छत 120, एकूण 560, त्यातून दार आणि दोन खिडक्यांचे 53 वजा केले तर 507 चौरस फूट. आधीच्यानं याच खोलीचे 640 लावले होते! दार-खिडक्या वजा करायच्या का नाही यावरून नंतर कायम भांडणं होतात, काही मिस्त्री म्हणतात खिडकीच्या कडा काढायला जास्त वेळ जातो म्हणून आम्ही वजा करत नाही, तेही चूक नाही, पण काय ते आधी ठरवायचं आणि लिहायचं.

आम्ही शाळेच्या वहीच्या दोन पानांवर लिहिलं. काय काय काम, किती फूट, काय दरानं, सिमेंट कुठलं, प्रमाण काय म्हणजे गिलाव्यात सिमेंटला वाळू एकास चार का एकास सहा, फरशी फुटली तर कुणाची, राडारोडा कोण उचलणार, पाणी कोण मारणार, किती दिवसात संपणार, वाढीव काम निघालं तर दर काय. खाली दोघांच्या सह्या, तारीख, आणि त्याच्या एका जुन्या गिऱ्हाईकाची साक्षीदार म्हणून सही. वकील नाही, स्टँप नाही. त्यानं सही करायच्या आधी पूर्ण वाचून घेतलं, एका ओळीला हरकत घेतली, ती आम्ही बदलली. सही करायला कां कूं करणारा माणूस असला तर तिथंच चहा पाजून निरोप द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशाचं असं केलं की मटेरियल आम्हीच आणलं आणि त्याला फक्त मजुरी. उचल दहा टक्के, मग कोबा झाला की एक हप्ता, गिलावा झाला की एक, बाथरूमच्या फरशा बसल्या की एक, आणि दहा हजार मागं ठेवायचे ते पहिला मोठा पाऊस झाल्यावर. हे शेवटचं मी घाबरत घाबरतच म्हटलं होतं, तो म्हणाला ठेवा की, मला भ्या नाही.

मटेरियल स्वतः आणायचं म्हणजे थोडं शिकावं लागतं. सिमेंटच्या पोत्यावर कुठल्या आठवड्यात भरलंय ते छापलेलं असतं, तीन महिन्यांच्या पुढचं घेऊ नये, जोर कमी होतो, आणि पोत्यात गाठी लागत असतील तर परत द्यावं. वाळू आता नदीची मिळणं अवघड, मिळाली तर कुठून आली ते विचारावं, बहुतेक काम क्रश सँडवरच, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूवरच, चालतं आणि चांगली धुतलेली असली तर काही वाईट नाही. एका काचेच्या बाटलीत मूठ-दोन मुठी वाळू आणि पाणी घालून हलवायचं आणि दोन-तीन तास ठेवायचं, वर मातीचा जाड थर बसला तर ती वाळू नको. आणि ब्रास म्हणजे शंभर घनफूट, गाडी आली की तिची लांबी, रुंदी आणि आतल्या मालाची उंची टेपनं मोजून गुणायचं. ड्रायव्हर चिडतो, चिडू दे.

बाथरूममध्ये त्यानं फरशा बसवायच्या आधी पाईपाची तोंडं बंद करून पाणी भरून ठेवलं, मग जमिनीवर चोवीस तास पाणी साठवून खालून-बाजूनं बघितलं, आणि भिंतीतले पाईप बुजवायच्या आधी मला म्हणाला मोबाईलवर फोटो काढा, शेजारी टेप धरा, उद्या खिळा मारताना उपयोगी पडेल. ही गोष्ट तर मला कुठल्याच शिकल्या-सवरल्या माणसानं सांगितली नव्हती.

नोव्हेंबरात काम झालं. सकाळी सातला यायचा, दुपारी एक तास झोपायचा आणि सहाला हत्यारं धुवून मोजून ठेवून जायचा. पुढच्या वर्षी जूनमध्ये मोठा पाऊस पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवर आला, मला वाटलं दहा हजारासाठी आला असेल. पैशाचं काही बोललाच नाही, खुर्ची मागून घेतली, वर चढला आणि छताला तळहात लावून हळूहळू फिरवत गेला, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, डोळे मिटून. मग खाली उतरून हात माझ्यापुढं धरला. कोरडा होता. आख्खा पावसाळा गेला, आज तारखेपर्यंत ओल नाही.

आता काही गोष्टी ज्यांना माझ्यासारखा फटका बसलाय त्यांच्यासाठी. लोकांना वाटतं रेरामध्ये तक्रार करता येईल, पण रेरा हे बिल्डरच्या नव्या प्रकल्पांसाठी आहे, घरदुरुस्तीच्या ठेकेदाराला ते लागत नाही. आपल्याला लागतो तो 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, पैसे घेऊन केलेलं काम ही सेवा धरली जाते आणि त्यात घरबांधणीपण येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही. आधी 1915 या नंबरावर फोन करून विचारता येतं. पण सगळीकडं पहिला प्रश्न एकच, पावती आहे का? म्हणून रोख दिले तरी वहीत सही घ्या, नाहीतर सरळ मोबाईलवरून पाठवा म्हणजे नोंद राहते. छोट्या मिस्त्रीकडं जीएसटी नंबर नसतो म्हणून तो फसवाच असं मानू नये, वर्षाला वीस लाखांच्या आतली सेवा असेल तर तो लागत नाही.

आणि गावठाणातल्या जुन्या घरांबद्दल वेगळं सांगायला पाहिजे. माझ्या मावशीचं शुक्रवार पेठेत माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर आहे, दगड-मातीच्या दोन-दोन फुटी भिंती. अशा घरात मिस्त्री सांगेल म्हणून भिंत फोडून मोठा दरवाजा काढणं, कपाटासाठी भिंत कोरणं हे जिवावरचं काम आहे, कारण सगळा भार त्या भिंतीवरच असतो. तिथं आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवलंच पाहिजे, त्याची फी बघून मागं सरू नये. आणि मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला वरून कडक सिमेंटचा गिलावा मारला की आतली ओल बाहेर पडत नाही, भिंत आतून कुजते आणि दोन-तीन वर्षात गिलावा पापडासारखा सुटतो. मावशीकडं हे दोनदा झालंय, दोन्ही वेळा वेगळ्या मिस्त्रीनं तेच केलं. रंग, फरशी, गिलाव्याला महापालिकेची परवानगी लागत नाही पण खोली वाढवायची, मजला चढवायचा तर लागते, "काय होत नाही ओ" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, उद्या नोटीस त्याच्या नावावर नाही, तुमच्या नावावर येते.

मिस्त्री लोकांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. आमच्या त्या मिस्त्रीनं सांगितलं की त्याचे तीन ठिकाणचे पैसे बुडालेत, लोक काम झाल्यावर काहीतरी खुसपट काढून शेवटचा हप्ता देत नाहीत, मधेच डिझाईन बदलतात आणि वाढीव मजुरी मागितली की भांडतात. त्यालाही ती दोन पानं पहिल्यांदाच कुणीतरी दिली होती, आता तो प्रत्येक गिऱ्हाईकाकडं वही मागतो. त्याची बांधकाम कामगार मंडळाकडं नोंदणीसुद्धा नव्हती, कारण वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला द्यायला कुठला ठेकेदार तयार नव्हता. आता साठी ओलांडली, नोंदणीचं वय गेलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची घरं बांधली त्या माणसानं.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. एक महापालिकेकडं, आणि ती तुमच्यामार्फत पोचावी. प्रत्येक झोन कार्यालयात गवंडी, प्लंबर, फरशीवाले, इलेक्ट्रिशियन यांची एक साधी वही ठेवा, ज्याची इच्छा असेल त्यानं नाव लिहावं, सोबत त्यानं केलेल्या आणि दोन पावसाळे झालेल्या तीन कामांचे पत्ते, घरमालकांच्या परवानगीनं. लोकांनी जाऊन बघावं आणि ठरवावं. मंडळाकडच्या नोंदणीतून कामगाराला योजना मिळतात, ते चांगलंच आहे, पण कोण कसं काम करतो हे त्यातून आम्हाला कळत नाही. चांगला मिस्त्री आज फक्त तोंडोतोंडी कळतो आणि गोड बोलणारा ठेकेदार त्याच्या आधी दारात पोचतो.

दुसरी मागणी तुमच्याकडं. एप्रिल आणि मे दोन महिने आठवड्यातून एकदा पाव पान या विषयाला द्या. करारात काय लिहायचं त्याचा एक नमुना छापा, लोक कात्रण काढून तसंच वापरतील. शहरातल्या एखाद्या अनुभवी इंजिनिअरकडून आणि एखाद्या जुन्या गवंड्याकडून, दोघांकडून लिहून घ्या, गवंडी सांगेल आणि तुमचा वार्ताहर लिहील असं करा. पहिला लेख पाणी मारण्यावरच असू दे.

मी स्वतः येत्या रविवारी त्या मिस्त्रीला घेऊन शुक्रवार पेठेत मावशीच्या घरी जातेय. चुन्याचा गिलावा करणारं एक म्हातारं माणूस त्याच्या ओळखीत अजून आहे म्हणाला. इंजिनिअरलापण बोलावलंय. मावशीला दोन कोऱ्या पानांची वही काढून ठेवायला सांगितलीय.

आपली नम्र,
एक वाचक, जुळे सोलापूर
(नाव छापू नये ही विनंती)